अंगठा रुग्णाचा, भाषा कोणाची?

मेडिकल कॉलेजला जोडलेल्या मोठ्या दवाखान्यात जो माणूस केसपेपर काढून रांगेत उभा राहतो, तो एकाच कामासाठी आलेला असतो. त्याला बरे व्हायचे असते. पण त्या दवाखान्याची मात्र तीन कामे असतात. त्याच्यावर उपचार करायचे, त्याला दाखवून विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि त्याच्या आजारावर संशोधन करायचे. पहिले काम त्याला ठाऊक असते. दुसरे, खाटेभोवती पांढऱ्या कोटातली दहा पोरे गोळा झाली की आपोआप समजते. तिसरे समजायला मात्र एकच वाट आहे, आणि ती म्हणजे एक कागद. त्याला संमतीपत्र म्हणतात. माझे म्हणणे आडपडदा न ठेवता आधीच सांगून टाकतो. आपल्या देशातल्या दवाखान्यांत या कागदावर रोज जे अंगठे उमटतात आणि ज्या सह्या होतात, त्यांतल्या पुष्कळशांना संमती म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना आहे. ज्याला जे कळलेच नाही, त्याला तो होकार देणार कसा?

हे वाचून डॉक्टर मंडळी रागावतील. ‘मास्तरांनी शाळा सांभाळावी, औषधपाण्यात कशाला डोके घालावे?’ असेही कोणी म्हणेल. पण मी औषधाविषयी बोलतच नाही. एखादा मजकूर वाचणाऱ्याला समजला की नाही, हे ओळखण्यातच आम्हा शिक्षकांचा जन्म जातो. संमतीपत्र हा वाचून समजून घ्यायचा मजकूर आहे. म्हणजे विषय आमच्याही अखत्यारीतला आहे.

संशोधन हवेच

एक गैरसमज मात्र आधी दूर केला पाहिजे. ‘गोरगरिबांवर प्रयोग करतात’ अशी हाकाटी करून संशोधनच बंद पाडा म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. रुग्णावर पद्धतशीर अभ्यास झाल्याखेरीज औषधाची परीक्षा होत नाही, आणि परीक्षा न झालेले औषध रोज लाखोंना देत राहणे हा तर सर्वांत मोठा, सर्वांत बेहिशेबी प्रयोग होय.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो हे ५० रुग्णांमध्ये तपासले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. वैदूच्या झोळीतली मुळी त्या निबंधाने जगाच्या औषधशास्त्रात नेली. मद्रासला क्षयरोग्यांचे दोन गट करून एका गटाला सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरी ठेवून तीच औषधे दिली गेली. घरचा रोगीही तितकाच बरा होतो, असे १९५९ साली प्रसिद्ध झाले. सॅनेटोरियमची खाट परवडत नाही म्हणून खोकत मरणाऱ्या गरिबांना हा निष्कर्ष किती मोलाचा होता, हे आमच्या आईवडिलांच्या पिढीला वेगळे सांगावे लागत नव्हते.

आणि लांब कशाला जायचे? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव हे आपल्याकडे बायका दगावण्याचे एक मोठे कारण. त्यावर सुई असते, पण ती थंड जागी ठेवावी लागते आणि टोचायला हात सरावलेला लागतो. मिसोप्रोस्टॉल नावाची साधी गोळी तेच काम करील का, हा प्रश्न होता. १,६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना ती गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी खेड्यातल्या नर्सबाईंनी दिली. जिथे शंभरात बारा जणींना जादा रक्तस्राव होत होता, तिथे गोळी घेतलेल्यांत तो सहा-साडेसहा जणींवर आला. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. पुढे गरोदरपणातल्या ॲस्पिरिनच्या मोठ्या अभ्यासातही बेळगाव होतेच, आपल्या नागपूरच्या जोडीने. सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी त्यात होत्या, आणि दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले.

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात आज रात्री एखादी बाळंतीण त्या गोळीने वाचेल, तेव्हा तिच्या वाचण्यात आपल्याकडच्या त्या १,६२० बायांचा वाटा असेल. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? बेळगावच्या कुंद्यावर आपण जेवढे रकाने भरले, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही या बायांविषयी लिहिले नाही. हा ठपका दवाखान्यावर नाही. तो आपल्या वृत्तपत्रांवर, आपल्या दिवाळी अंकांवर आणि आपल्या शाळांवर आहे.

चिठ्ठीची गोष्ट

मग संशोधन एवढे चांगले, तर सांगण्या-विचारण्याचा हा घोळ कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संशोधनाच्या पद्धतीतच आहे.

आपण डॉक्टरकडे जातो ते एका विश्वासावर. या माणसाला जे माझ्यासाठी उत्तम वाटेल, तेच तो मला देईल. पण औषधाची नीट परीक्षा करायची तर हाच विश्वास थोडा बाजूला ठेवावा लागतो. डॉक्टरने आपल्या मनाने रोगी निवडले तर बरे होण्याजोगे रोगी नकळत नव्या औषधाकडे जातील आणि निष्कर्ष खोटा पडेल. म्हणून कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी ठरवते. विलायतेत १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या अभ्यासात १०७ क्षयरोग्यांपैकी ५५ जणांना औषध व अंथरुणातली विश्रांती आणि ५२ जणांना नुसती विश्रांती मिळाली, ती अशीच. पुष्कळ अभ्यासांत तर कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत.

ही पद्धत न्याय्य आहे, शास्त्रशुद्धही आहे. पण ती नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळी आहे, आणि रुग्णाला सांगायचे असते ते नेमके हेच. ‘इथे तुमचे औषध मी निवडणार नाही, चिठ्ठी निवडील. तुम्ही नको म्हणालात तरी नेहमीचा उपचार चालूच राहील.’ या दोन वाक्यांत सगळे आले. ही दोन वाक्ये रुग्णापर्यंत पोचली तर तो संशोधनातला भागीदार. न पोचली तर तो नुसता कच्चा माल.

नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता आली आणि १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकीचा जाहीरनामा केला. दोन्हींच्या मुळाशी एवढेच आहे की माणसाला विचारल्याखेरीज त्याच्यावर संशोधन नाही. अमेरिकेत तर टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या ३९९ काळ्या माणसांना खरे काय ते न सांगता, पुढे पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, नुसते पाहत बसले होते. म्हणजे हे पाप फक्त हुकूमशहांच्या राज्यातच होते असे नव्हे.

आपल्या घरातली उदाहरणे

आपल्याकडे काय झाले? या अंकाचे वाचक इंदुरातही आहेत आणि बडोद्यातही आहेत. त्यांना मी नवे काही सांगत नाही.

इंदूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मुलांवर आणि मनोरुग्णांवर झालेल्या औषधचाचण्यांवरून २०१० नंतर मोठे वादळ उठले. राज्य सरकारने काही डॉक्टरांना दंड केला, तो प्रत्येकी पाच हजार रुपये! इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणात सरकारनेच न्यायालयाला सांगितले, की २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे मरण पावली आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले. मेलेल्यांतले पुष्कळ जण आधीच गंभीर आजारी होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्या ८० जणांना आपण काय पत्करले होते हे ठाऊक होते का, हाही प्रश्न न्यायाचाच आहे.

दुसरे उदाहरण शाळेचे आहे, म्हणून ते मला अधिक बोचते. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस हजारो मुलींना अभ्यास-प्रकल्प म्हणून टोचण्यात आली. एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो प्रकल्प थांबवला. त्या काळात सात मुली दगावल्या होत्या. त्या मृत्यूंचा लशीशी बहुधा संबंध नसावा, असे चौकशी समितीचे मत पडले. लस वाईट नव्हे. ती आज जगभर दिली जाते. मग बिघडले कुठे? संसदेच्या स्थायी समितीचा ऑगस्ट २०१३ चा अहवाल ते सांगतो. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर सही होती वसतिगृहाच्या वॉर्डनची. मुलगी आदिवासी पाड्यावरची, बाप रानात, आई मजुरीला. तिच्या दंडावर सुई टोचायला परवानगी कोणाची, तर हजेरी घेणाऱ्याची! वॉर्डन म्हणजे आम्हा शाळावाल्यांपैकीच एक. वरून कागद आला की खाली सही करायची, या आमच्या खात्याच्या सवयीचा पराक्रम त्या २,७६३ सह्यांत उतरला आहे. आईबापांनी मूल शाळेच्या हवाली केले म्हणजे त्याचे शरीरही केले, हे शाळावाल्यांना कोणी सांगितले?

यानंतर कायदे कडक झाले, हे खरे. २०१३ साली भरपाईचे नियम आले, नैतिकता समित्यांची नोंदणी सक्तीची झाली, काही चाचण्यांत संमती घेतानाचे चित्रीकरण सुरू झाले. २०१९ साली नव्या औषधांचे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम आले. त्यांत स्वच्छ लिहिले आहे, की माहिती बिनतांत्रिक आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. कागदावर आता उणे काढायला जागा नाही. दुखणे पुढेच आहे. ‘समजेल अशी भाषा’ म्हणजे कोणती, हे ठरवायचे कोणी?

कोणाचीच नसलेली मराठी

आमच्या शाळेच्या शिपायाच्या बायकोला गुडघेदुखीसाठी एका मोठ्या दवाखान्यात नेले होते. तिथे एका अभ्यासात नाव घालायचे म्हणून त्याला फॉर्म मिळाला. तो माझ्याकडे घेऊन आला. फॉर्म मराठीत होता, हे कौतुकाने सांगितले पाहिजे. त्यातले एक वाक्य असे होते : ‘सदर यादृच्छिकीकृत, द्वि-अंध, छद्मौषध-नियंत्रित चाचणीमध्ये विषयास दोनपैकी एका भुजेत समप्रमाणात वाटप करण्यात येईल.’

शिपाई म्हणाला, ‘सर, भुजेत काय घालणार हाईत हे लोक? मंडळीचं तर गुडघ्याचं दुखणं हाय की.’

मी एम. ए. मराठी. भाषाशुद्धीचा अभिमानही बाळगून आहे. पण हे वाक्य मलाही दोनदा वाचावे लागले. इंग्रजीत अभ्यासाच्या एकेका गटाला ‘आर्म’ म्हणतात, म्हणून भाषांतरकाराने ‘भुजा’ केली. ज्याच्यावर अभ्यास होतो तो ‘सब्जेक्ट’, म्हणून ‘विषय’ केला. शिपायाची बायको एका ओळीत माणसाची विषय झाली आणि तिच्या गुडघ्याचे दुखणे भुजेत गेले. हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने २०२४ च्या सुधारणेत ‘सब्जेक्ट’ शब्द टाकून ‘सहभागी’ हा शब्द स्वीकारला आहे. आमचा भाषांतरकार अजून भुजा उगारून उभाच आहे.

याच मजकुराची मराठी अशी करता येते : ‘आम्ही दोन प्रकारच्या गोळ्या देणार आहोत. एकीत नवे औषध आहे, दुसरीत औषध नाही. दिसायला दोन्ही सारख्या. तुम्हाला कोणती मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरेल. ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही.’ यातला एक तरी शब्द चौथीच्या पोराला अडेल काय?

मग असे का लिहीत नाहीत? त्याला एक गमतीदार कारण आहे. मराठी मजकूर बरोबर आहे की नाही हे पाहायला तो दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ताडून पाहतात. शब्दाला शब्द जुळला की दाखला मिळतो. आता तुम्हीच सांगा, ‘भुजा’ लिहिणाऱ्याचे उलटे भाषांतर बिनचूक जुळणार आणि ‘चिठ्ठ्या टाकल्यासारखे’ लिहिणाऱ्याचे अडणार! म्हणजे जितकी मराठी अवघड, तितका दाखला सोपा. ज्या परीक्षेत न समजणाऱ्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतात, ती परीक्षा बदलली पाहिजे.

‘समजलं का?’

भाषा सुधारली तरी दुसरी खिंड राहतेच. फॉर्म वाचून झाल्यावर निवासी डॉक्टर विचारतो, ‘समजलं का?’ रुग्ण म्हणतो, ‘हो.’ संपले.

तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. ‘समजलं का?’ इतका निरुपयोगी प्रश्न शिक्षणशास्त्रात दुसरा नाही. सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो, आणि चाचणीत निम्मा वर्ग नापास होतो. पोरे खोटे बोलत नाहीत. मास्तरांना बरे वाटावे म्हणून आणि तास लवकर सुटावा म्हणून हो म्हणतात. दवाखान्यातला माणूस तर आणखी मिंधा असतो. समोरच्याच्या हातात त्याचा जीव आहे. खाट मिळाली, तीच मेहेरबानी वाटते. नाही म्हटले तर डॉक्टर रागावतील, उद्या बघणार नाहीत, ही धाकधूक. अशा माणसाच्या ‘हो’ची किंमत काय? त्याला विचारायचे ते असे : ‘मावशी, मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा.’ दोन मिनिटांत कळेल की सांगणारा पास झाला की नापास. परीक्षा रुग्णाची नाही, डॉक्टरची आहे, हे विसरायचे नाही.

कपाटातले प्रबंध

आतापर्यंत मोठ्या चाचण्यांविषयी बोललो. त्यांच्यावर निदान कायद्याचा डोळा असतो. पण मेडिकल कॉलेजात संशोधन म्हणजे प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे प्रबंध. एम. डी., एम. एस. होणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध सक्तीचा. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, डोळे, हाडे, त्वचा, भूल, एकही विभाग सुटलेला नाही. साधा हिशेब करू. एखाद्या कॉलेजात वर्षाला शंभर विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाने पन्नास ते शंभर रुग्ण घेतले, तर पाच ते दहा हजार माणसे झाली. कोणाचे जादा रक्त काढले, कोणाला पुन्हा तपासणीला बोलावले, कोणाला शंभर प्रश्न विचारले.

त्यातून निघाले काय? डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेली पाहणी डोळे उघडणारी आहे. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला त्यांना आढळला नाही. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५. म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांत माणसे तपासली गेली, आकडे मांडले गेले, जाड पुठ्ठ्याची बांधणी झाली, सोनेरी अक्षरे उमटली आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसला. विद्यार्थ्याला पदवी मिळाली. ज्या बाईने त्यासाठी एक रोजगार बुडवून यष्टीने येऊन रक्त दिले, तिला काय मिळाले? तिचे रक्त कशाच्या कामी आले, एवढेसुद्धा तिला कोणी सांगितले नाही. संशोधनाचा निष्कर्ष जाणून घेण्याची संधी सहभागी माणसाला मिळाली पाहिजे, असे हेलसिंकीचा जाहीरनामा म्हणतो. आपल्याकडे निष्कर्ष इंग्रजीतून परीक्षकाला कळतो आणि तिथेच थांबतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप ठरलेला. ‘अडाण्यांना समजावून काय उपयोग? त्यांना कळणारच नाही.’ हे म्हणणाऱ्याने एकदा आमच्याकडच्या बाजारात जावे. भिशीचे लिलाव, अर्धलीचे हिशेब, कर्जाचे व्याज हे सारे अंगठाबहाद्दर बाया तोंडी चोख मांडतात. चिठ्ठी टाकून नंबर काढणे तर भिशीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. त्यांना संशोधन कळत नाही असे नाही. सांगणाऱ्याला त्यांची भाषा येत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप वेळेचा. ओपीडीत दीडदोनशे रुग्ण, निवासी डॉक्टर रात्रभर जागा, तो कुठे समजावत बसणार? ही अडचण खरी आहे, आणि त्या पोरांविषयी मला सहानुभूतीच आहे. पण मग एवढेच म्हणतो, की समजावायला वेळ नसेल तितके रुग्ण अभ्यासात घेऊ नका. शंभर जणांच्या न समजलेल्या सह्यांपेक्षा तीस जणांची खरी संमती शास्त्रालाही बरी. ज्याला काय चालले आहे हे कळते, तो औषध मध्येच सोडत नाही आणि त्रास झाला तर लपवत नाही.

तिसरा आक्षेप, ‘सगळे सांगितले तर लोक घाबरून पळतील.’ यातली कबुली ध्यानात घ्या. सांगितल्यावर पळतील असे वाटते, म्हणून सांगायचे नाही! अशा व्यवहाराला बाजारात काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

पाट्या आणि पत्रे

आता एक बोल आपल्याच माणसांना. १९५६ पासून आपण सीमाभागातली मराठी माणसे भाषेसाठी झगडतो आहोत. तालुक्यात १५ टक्के भाषिक अल्पसंख्य असतील तर सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळाली पाहिजेत, हा नियम आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पाट्यांसाठी मोर्चे निघाले, सातबाराच्या उताऱ्यासाठी निवेदने गेली. ते योग्यच होते. पण ज्या कागदावर माणूस स्वतःचे शरीर दुसऱ्याच्या हाती देतो, त्या कागदाच्या भाषेसाठी एक तरी निवेदन गेले काय? दुकानाची पाटी वाचता आली नाही तर माणूस फार तर दुसऱ्या दुकानात जाईल. संमतीपत्र वाचता आले नाही तर तो कुठे जाणार?

आणि यात कन्नडशी भांडणही नाही. गोकाक-सौंदत्तीच्या कन्नड शेतकऱ्याला त्याच्या भाषेतला फॉर्म मिळतो, म्हणून तो सुखी आहे असे समजू नका. भुजा उगारणारा भाषांतरकार कन्नडमध्येही असतो. एकाच रांगेत उभे राहणारे हे दोघे एकाच कागदापुढे सारखेच आंधळे आहेत. निदान या एका मागणीसाठी दोन्ही भाषांच्या माणसांनी एकत्र यावे.

मागणी तीनच गोष्टींची आहे, आणि एकीलाही नवा कायदा लागत नाही. प्रत्येक नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो, वैद्यकाशी संबंध नसलेला आणि स्थानिक भाषा जाणणारा. ही खुर्ची शोभेची ठेवू नये. तिथे निवृत्त प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका अशी माणसे बसवावीत, आणि त्यांनी संमतीपत्र समितीपुढे मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडेल तो शब्द कापावा. दुसरी गोष्ट, सही घेण्यापूर्वी रुग्णाने ऐकलेले परत सांगितले आणि ते बरोबर होते, अशी नोंद प्रत्येक फॉर्मवर असावी. तिसरी, प्रत्येक प्रबंधाच्या आणि अभ्यासाच्या शेवटी एक पान मराठीत व कन्नडमध्ये लिहिले जावे. आम्ही काय पाहिले, काय सापडले आणि तुमच्यामुळे काय कळले. ते पान ओपीडीच्या भिंतीवर लागावे. ते लिहिल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. ज्या भावी डॉक्टरला आपला निष्कर्ष एका पानात रुग्णाच्या भाषेत लिहिता येत नाही, त्याला तो स्वतःला तरी कळला आहे का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

हे पान लिहून द्यायला मदत लागली तर सीमाभागातले मराठी शिक्षक फुकट करतील, याची हमी मी घेतो. आमच्या बांधवांपैकी निम्मे तरी खडू झटकून येतील. दवाखान्यांनी बोलावण्याचे धाडस करावे.